अकरा मिनिटांची शांतता

७ मार्च

भाऊजी,

नमस्कार. गेल्या पंधरा दिवसांत तुम्हाला चार वेळा फोन लावला. दुकानावर दोनदा, घरी दोनदा. नुसता वाजत राहतो. म्हणून पत्र लिहायला बसले. सवय गेली आहे, अक्षराला हसू नका.

तुमचं पाक्षिक अजून ह्यांच्या नावाने येतं. हे जाऊन दोन वर्षं होत आली, पण वर्गणी भरलेली आहे तोवर पोस्टमन टाकणारच. आधी मी अंक न उघडताच कपाटात ठेवत असे. हल्ली तुमचं 'दिवा चालू ठेवा' हे सदर तेवढं वाचते. भुताच्या सिनेमांवर इतक्या गंभीरपणे लिहिणारा माणूस आपल्या घरातला आहे, ह्याची गंमत वाटते. हे तुमचा लेख मोठ्याने वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "धाकट्याने घड्याळाचा सेकंदकाटा गिळलाय." स्वतः मात्र असला सिनेमा लागला की वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे आणि मागून विचारायचे, "गेली का ती?"

एक काम आहे. मला सिनेमे सुचवा. रक्त नको, किंचाळणं नको, कुणाची मुंडकी उडायला नकोत. घरात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आहे, असं वाटायला लावणारा सिनेमा हवा. एवढीच अट.

टीव्ही चांगला आहे. तुम्हीच निवडून दिला होता.

वहिनी


१५ मार्च

वहिनींस नमस्कार.

फोनचं मनावर घेऊ नका. फोनवर माणूस सैल बोलतो, अर्धं वाक्य हवेत सोडतो आणि नंतर 'मी तसं म्हणालोच नव्हतो' म्हणायला मोकळा होतो. कागदावर एकदा लिहिलं की लिहिलं. यापुढे आपण पत्रंच लिहू. मला तेच बरं पडतं.

तुमची अट वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. मला वाचकांची पत्रं येतात, "मास्तर, हादरवून टाकणारं काहीतरी सांगा." हादरवायला काय लागतं? पाठीमागे दार आपटलं तरी माणूस हादरतो. 'घरात आणखी कुणीतरी आहे' ही जाणकाराची मागणी आहे. दादाला भीती कळायची नाही, त्याला नुसतं घाबरायला यायचं. तुमचं तसं नाही.

तीन डिस्क वेगळ्या पाकिटातून पाठवतो आहे. पाहायच्या कशा ते सांगतो, कारण निम्मे लोक चुकीचं पाहतात आणि मग मला नावं ठेवतात. दुपारी तीनला बसा, पडदे ओढून. ज्याला घाबरवायला रात्र लागते तो सिनेमा रात्रीच्या जिवावर जगतो, स्वतःच्या नव्हे. आवाज सुरुवातीला एकदाच ठरवा, मग रिमोट हाताला लागणार नाही असा ठेवा. मध्ये उठायचं नाही. चहा आधी.

माझ्या मोजमापात तारे नसतात, हे तुम्हाला माहीत असेल. सिनेमा संपल्यावर घरातले जितके दिवे लावल्याशिवाय स्वयंपाकघरात जाववत नाही, तितक्या दिव्यांचा तो सिनेमा. 'उसनी खोली' दोन दिव्यांचा आहे. भाड्याच्या खोलीतली आधीची भाडेकरीण गेलेलीच नसते. 'पांढरा जिना' तीन. 'रिकामं टेबल' चार. एकोणीस वर्षांत मी चार दिवे फक्त तिघांना दिले आहेत. त्याच्यावरचा माझा लेख ह्याच महिन्यात छापून आला आहे, कात्रण सोबत आहे. आधी सिनेमा पाहा, मग लेख वाचा. उलट करू नका.

आठवीत शाळा सुटल्यापासून मला कुणी काही शिकवलेलं नाही. रेडिओ उघडून रेडिओ शिकलो, सिनेमे पाहून सिनेमे. त्यामुळे माझं मत उसनं नसतं, एवढी खात्री बाळगा.

भाऊजी


२ एप्रिल

भाऊजी,

तिन्ही पाहिले. तीनला बसले, पडदे ओढले, रिमोट कपाटावर ठेवला. नंतर तो काढायला स्टूल घ्यावं लागलं, ते तुमच्या नियमांत नव्हतं.

'उसनी खोली'तली ती आधीची भाडेकरीण मला आवडली. बिचारी काही वाईट करत नाही, फक्त भांडी जागच्या जागी लावून ठेवते. माझ्याकडे आली तर मी म्हणेन, राहा बाई. 'पांढरा जिना' ठीक. जिन्यावर जो चढत असतो तो शेवटी दिसतो, तिथेच मजा गेली. पायांचा आवाज होता तोवर मी मागे वळून पाहत होते.

दिव्यांचं विचाराल तर मी एकही लावला नाही. 'रिकामं टेबल' सुरू झाल्यावर बैठकीतला होता तोही बंद केला. हा सिनेमा मी तीनदा पाहिला, आणि खरं सांगायचं तर त्यातली सुरुवातीची अकरा मिनिटं सात-आठ वेळा. ती बाई एकटीच दोघांसाठी टेबल मांडते, ती.

मग तुमचं कात्रण वाचलं. तुम्ही लिहिलंय, "पहिली अकरा मिनिटं संपूर्ण शांतता आहे. ध्वनिपट्टी कोरी ठेवण्याचं धाडस फार थोड्यांकडे असतं. त्या शांततेत ती बाई चार वेळा विनाकारण मान वर करते, आणि त्या विनाकारणातच सारी भीती आहे." तुमचं लिहिणं नेहमीसारखंच चोख आहे. पण भाऊजी, तिथे शांतता नाही. शीळ आहे. अगदी बारीक, वरच्या पट्टीतली. आतल्या खोलीत कुणीतरी आपल्याच नादात काम करताना घालतं तशी. हे दाढी करताना घालायचे तशी म्हणा.

तुमच्याकडून राहून कसं गेलं? घाईत पाहिलात का?

वहिनी


९ एप्रिल

वहिनींस,

मी घाईत काही पाहत नाही. 'रिकामं टेबल' मी पाच वेळा पाहिला आहे, वही समोर ठेवून. अकरा मिनिटं चार सेकंद. शीळ नाही.

तुम्हाला ऐकू येते आहे ती शीळ तुमच्या टीव्हीतली आहे. सेट जुना झाला की त्याच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर फुगतो आणि बारीक शीळ घालायला लागतो. शांत प्रसंगात ती जास्त जाणवते. गेली एकतीस वर्षं मी लोकांच्या रेडिओ-टीव्हीतली शीळ काढतो आहे, त्यामुळे ह्या बाबतीत मला शिकवण्यासारखं फारसं शिल्लक नाही. जवळच्या कुणाला तरी मागचं झाकण उघडून पाहायला सांगा. स्वतः हात घालू नका.

आणि तेही नसेल तर, राग मानू नका, एकट्या माणसाला घरात आवाज ऐकू येतात. तो सिनेमाचा दोष नव्हे.

भाऊजी


१४ एप्रिल

भाऊजी,

राग मानू नका असं लिहिलंत, म्हणजे मानण्यासारखं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.

तुम्ही एकतीस वर्षं सेट उघडलेत, मी एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले. लाइनीवर पाऊस पडतोय की कुणी चोरून ऐकतंय, हे मला खरखरीवरून आणि श्वासावरून कळायचं. माझ्या घरात कुठला आवाज आहे आणि कुठला नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. नाही तोच जास्त माहीत आहे.

ती शीळ चार वेळा थांबते. ज्या क्षणी थांबते, त्याच क्षणी ती बाई मान वर करते. पुन्हा सुरू झाली की मान खाली घालून चमचे मांडायला लागते. कपॅसिटर फुगला असेल तर त्याला बाईची मान कशी दिसते, तेवढं मला कळवा. विनाकारण नाही करत ती मान वर. आतलं माणूस गप्प झालं म्हणून करते.

आता निघालंच आहे तर लिहिते. मागच्या वर्षी आपलं फोनवर शेवटचं बोलणं झालं, तेव्हा मी विचारलं होतं, "तब्येत कशी आहे?" तुम्ही म्हणालात, "पावणेसहा." मी हसले, पुन्हा विचारलं, तर म्हणालात, "ठेवतो मग." त्यानंतर तुम्ही फोन उचललाच नाही. मला वाटलं, भाऊ गेला, आता त्याच्या मागे राहिलेल्या बाईशी काय बोलायचं, असं तुम्हाला झालं असेल. एकटी आहे, गळ्यात पडेल. म्हणून मी सिनेमांचं निमित्त काढलं. म्हटलं, त्या विषयावर तरी बोलतील.

डिस्क परत पाठवते आहे. 'रिकामं टेबल'च्या डिस्कवर माझ्या हाताचे ठसे असतील, पुसून घ्या.

वहिनी


१९ जून

वहिनींस नमस्कार.

हे पत्र मी चारदा लिहिलं. तीन मसुदे शब्दांच्या दृष्टीने ह्याच्याहून चांगले होते, पण त्यांत मी बरोबर होतो.

तुमचं पत्र आल्यावर आठ दिवस मी डिस्कचं पाकीट फोडलं नाही. मग दुकान अर्धं शटर ओढून बंद केलं, डिस्क लावली आणि सेटच्या तारा आवाज मोजायच्या मीटरला जोडल्या. जुना आहे, काट्याचा. मीच बनवलेला आहे, त्यामुळे तो चुकतो असं मला म्हणता येत नाही.

ती बाई आली. पहिली ताटली ठेवली. मला काही ऐकू येत नव्हतं. काटा हलत होता.

शून्याच्या थोडा वर, थरथरत. मी स्पीकरला कान लावला. काही नाही. खोक्यावर तळहात ठेवला, काही नाही. काटा थरथरतच होता. मग तो एकदम शून्यावर पडला, मी मान वर करून पडद्याकडे पाहिलं, आणि ती बाई मान वर करून माझ्याकडे पाहत होती. असं चार वेळा झालं. अकरा मिनिटं चार सेकंद, काटा हलला आणि मी काही ऐकलं नाही. एकोणीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की भीती कशाला म्हणतात. मला ती त्या दिवशी दुपारी सव्वाचारला कळली. दुकानातले सगळे दिवे लावले. मोजले नाहीत.

खोटं का बोलू, हे मला एकदम कळलं असं नाही. दीड वर्षापूर्वी एक गिऱ्हाईक रेडिओ परत घेऊन आलं, म्हणे अजून शीळ घालतोय. मी त्यालाच वेड्यात काढलं. पुढच्या महिन्यात दुसरं आलं. तेव्हापासून आवाजाचं काम मी घेत नाही. वायर, बटण, स्विच, एवढंच. लोकांना सांगतो, आता पार्ट मिळत नाहीत. आधी बारीक आवाज गेले, मग पाखरं, मग फोनची घंटी. फोनवर शब्दांना कडाच राहिल्या नाहीत. समोरचं माणूस तोंडावर रुमाल धरून बोलतंय असं वाटतं. तुम्ही 'कशी आहे' म्हणालात ते मला 'किती वाजले' असं ऐकू आलं असणार. पावणेसहा मात्र बरोबर होतं, मी घड्याळात पाहून सांगितलं होतं.

मी कंटाळलो नव्हतो. पुन्हा चुकीचं उत्तर देईन म्हणून उचलत नव्हतो. आणि पुढे पुढे तर वाजलेलंच कळेनासं झालं. 'कागदावर लिहिलं की लिहिलं' वगैरे जे मी मार्चमध्ये लिहिलं, ते ह्याच्यावर टाकलेलं झाकण होतं.

तुमच्या एकटेपणाबद्दल मी जे लिहिलं, त्याला माफी नाही. दादा असता तर त्याने माझ्या थोबाडीत दिली असती आणि तो आवाज मला आला असता.

संपादकांना लिहून ठेवलं आहे की सदर बंद करतो. पत्र पाकिटात आहे, अजून टाकलेलं नाही. भयपटात निम्मी भीती कानातून येते. ज्याला ती येत नाही त्याने इतरांना कुठला सिनेमा पाहा आणि कुठला नको, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सदर गेलं की माझ्याकडे स्विच आणि बटणं उरतील. तुम्हाला म्हणून सांगतो.

भाऊजी


२६ जून

भाऊजी,

ते पाकीट टाकू नका.

आधी माझाच एक गैरसमज सांगते, तो माझ्या धंद्यातला आहे. आपण कुणाला फोन लावतो तेव्हा आपल्या कानात जी घंटी वाजते, ती समोरच्या घरातली नसतेच. ती आपलं आपल्याला एक्सचेंज ऐकवतं, धीर धरावा म्हणून. समोर काय वाजतंय, वाजतंय का, काही कळत नाही. आम्हाला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. तरी चार वेळा ती घंटी कानात ऐकत मी काय धरून बसले? की तुम्ही तिथे बसला आहात, ऐकताय आणि उचलत नाही. एकोणतीस वर्षांची नोकरी, आणि नेमकं घरच्या माणसाच्या वेळी विसरले. तेव्हा चूक मोजायची तर दोघांची मोजा.

आता मी तो सिनेमा का मागितला होता ते. लोक असले सिनेमे पाहतात आणि मग घरात कुणी आहे की काय म्हणून घाबरतात. मला सिनेमा संपल्यावर तासभर तसं वाटत राहतं, आणि त्या तासात मला बरं वाटतं. चहा टाकताना वाटतं, विचारावं, घेणार का. तास संपला की घर परत होतं तसं होतं. ह्याला काय म्हणतात मला माहीत नाही. कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही लेखात घालू नका.

सदराचं असं करा. तुम्ही पाहा, मी ऐकते. तुम्हाला येतं तसं पाहायला मला येत नाही. त्या टेबलावर दोन ताटल्या आहेत पण खुर्ची एकच, हे तुमचा लेख वाचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. 'पांढरा जिना'ची डिस्क परत धाडण्याआधी मी आवाज लिहून ठेवले होते, काय करावं सुचत नव्हतं म्हणून. बघा जमतंय का:

दोन मिनिटं दहा. कुलूप. किल्ली दुसऱ्यांदा लागते.
सहा मिनिटं. पावलं, वर जाणारी. डावा पाय जड.
नऊ चाळीस. कुणीतरी श्वास आत घेतं आणि सोडत नाही.
चौदा पाच. नळ. हा माझ्या घरातला आहे, सिनेमातला नव्हे. खोडून टाका.

अट एकच. अकरा मिनिटांची चूक छापून दुरुस्त करायची. तुमच्याच शब्दांत, पण गोल गोल नको.

वहिनी


२० जुलै

वहिनींस नमस्कार.

डावा पाय जड. मी हा सिनेमा सहा वेळा पाहिला आहे आणि शेवटी जो माणूस दिसतो तो डाव्या पायाने अधू आहे, ही मला दिग्दर्शकाची चूक वाटली होती. तसं छापलंही होतं. म्हणजे आता दोन दुरुस्त्या झाल्या. नळ खोडलेला नाही.

संपादकांना जुनं पाकीट न देता हे दिलं. ह्या अंकात येईल:

"'रिकामं टेबल' ह्या सिनेमाच्या सुरुवातीला अकरा मिनिटं शांतता आहे, असं मी लिहिलं होतं. शांतता नाही, शीळ आहे. ती मला ऐकू आली नाही, कारण मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, आणि हे मला माहीत असूनही मी लिहिलं. शीळ धरून हा सिनेमा पुन्हा पाहावा. त्याचे दिवे चारच राहतील, पण कारण वेगळं. यापुढे ह्या सदरातलं पाहणं माझं आणि ऐकणं माझ्या वहिनींचं."

संपादक म्हणाले, वाचकांचा विश्वास उडेल. मी म्हटलं, "उडू दे. उडताना आवाज झाला तर मला कळवा." त्यांना विनोद कळायला वेळ लागतो.

आणखी एक काम केलं. फोनच्या घंटीच्या तारेवर एक रिले, म्हणजे आपोआप दाबला जाणारा स्विच, बसवला आणि त्याला चाळीसचा बल्ब जोडला. बल्ब समोरच्या भिंतीवर आहे, मी जेवायला बसतो तिथून दिसतो. घंटी जितक्या वेळा वाजेल तितक्या वेळा तो लागेल. संध्याकाळी पाच वाजता मी घरी असतो. तुम्ही लावा. मी उचलणार नाही, उचलून तुमचे शब्द वाया घालवणार नाही. नुसता वाजवा आणि ठेवून द्या.

भाऊजी


२८ जुलै

भाऊजी,

काल बरोबर पाचला लावला. नऊ घंट्या मोजल्या आणि ठेवला. फोनवर काही न बोलता इतका वेळ मी कधी थांबले नव्हते. हसू येत होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाला लावलात?" म्हटलं, दिव्याला.

लागला का?

वहिनी


२ ऑगस्ट

वहिनींस नमस्कार.

दहा वेळा लागला. तुमच्याकडे नऊ, माझ्याकडे दहा. तुम्हाला ऐकू येते ती माझी घंटी नसतेच, हे तुम्हीच लिहिलं होतं. तेव्हा यापुढे मोजायचं काम माझं.

माझ्या मापात हा एकाच दिव्याचा. पण तेवढ्या एका दिव्यासाठी पावणेपाचपासून भिंतीसमोर खुर्ची टाकून बसावं, असं एकोणीस वर्षांत कुठल्या सिनेमाने मला वाटायला लावलेलं नाही. तो विझल्यावर स्वयंपाकघरात गेलो आणि नकळत दोन कप काढले. एक परत ठेवला, लगेच नाही, थोड्या वेळाने.

नवी डिस्क पाठवतो आहे. पहिली वीस मिनिटं मला रिकामी वाटली. वाटली, असं लिहितो. तुम्ही सांगाल तेव्हा ठरेल.

आणि मागच्या वर्षी तुम्ही जे विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं. तब्येत बरी आहे.

भाऊजी